हाक कुणाची, धाव कुणाकडे?

आजचं वाचन : 1 शमुवेल, अध्याय 3, वचने 1 ते 18



शमुवेलाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. साबाथ शाळेत ती चित्रं दाखवून सांगितली जाते. रात्र, मंद दिवा, अंथरुणावर पडलेला मुलगा, आणि देवाची हाक. गोष्ट संपली की शिक्षिका विचारतात, देवानं तुम्हाला हाक मारली तर काय म्हणाल? आणि आपण सगळे एका सुरात उत्तर देतो.

आज मात्र शमुवेलावरून नजर थोडी बाजूला नेऊ या. एलीकडे.

हाक देवाची आहे, पण मुलगा धावतो एलीकडे. एकदा नाही, तीनदा. असं का झालं ते सातव्या वचनात कळतं : त्या मुलाला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. त्याला त्या घरातला एकच आवाज माहीत होता. उठवणारा, काम सांगणारा, रागावणारा, जवळ घेणारा माणूस एकच. मग रात्री कुणीतरी नाव घेऊन बोलावलं तर दुसरं कोण असणार?

आता एलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. म्हातारा माणूस, डोळ्यांना दिसत नाही, आणि समोर एक मूल धापा टाकत उभं आहे : तुम्ही बोलावलंत ना, हा मी आलो. त्यानं नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी मुलाला ते खरं वाटलं असतं. पाणी आणायला सांगितलं असतं, पाय दाबायला सांगितले असते. मुलानं आनंदानं केलं असतं, आणि हाक कुणाची होती हे त्याला कदाचित कधीच कळलं नसतं.

एलीनं तसं केलं नाही. मी तुला बोलावलं नाही, असं त्यानं सांगितलं. तिसऱ्या वेळी, उशिरा का होईना, त्याच्या लक्षात आलं की हाक कुठून येते आहे. मग मुलानं काय उत्तर द्यायचं ते त्याला शिकवून त्यानं परत झोपायला पाठवलं. स्वतः मधून बाजूला झाला.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आहे. आपल्यातले कितीतरी जण पदवी झाल्यावर, किंवा नोकरी लागण्याआधी, एखादं वर्ष ‘सेवेसाठी’ द्यायचं ठरवतात. कुणी तीन महिन्यांसाठी जातं, कुणी वर्षभरासाठी. पुण्या-मुंबईतली, नागपुरातली मुलं-मुली लहान गावातल्या मंडळीत इंटर्न म्हणून राहतात, आणि त्यांच्याकडे बहुतेक वेळा पहिलं काम येतं ते शाळेनंतर मुलांचा वर्ग घेण्याचं. गृहपाठ, वाचन, पाढे, खेळ, गाणी, एखादी गोष्ट, शेवटी प्रार्थना आणि थोडा खाऊ. चांगलंच काम आहे. पण अशा वर्गात शमुवेल एक नसतो, वीस-पंचवीस असतात. ते रोज संध्याकाळी धावत येतात आणि त्यांना वाटतं, हाक दादानं मारली, हाक ताईनं मारली.

अशा वेळी दादानं काय उत्तर द्यायचं?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक जिल्हा डोळ्यांसमोर ठेवू. यवतमाळ. कापसाचा जिल्हा. सोयाबीनची सोंगणी आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी सुरू झाली की आई-बाप दिवसभर वावरात असतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे जितका वेळ वावरात तितके पैसे. शाळा सुटते तेव्हा घराला कडी असते. दिवाळीपासून पुढचे काही महिने कितीतरी मुलांची संध्याकाळ अशी मोकळी आणि एकटी जाते. त्यात भाषेचाही प्रश्न. या जिल्ह्यात कोलाम, गोंड, बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषा असते. आणि ज्याच्या घरी मराठी आहे त्याची मराठी वऱ्हाडी असते, पुस्तकातली नसते. तेव्हा संध्याकाळी दोन तास कुणीतरी शेजारी बसून वाचून घेतं, चुकलं तर हसत नाही, हे छोटं काम नाही.

म्हणून असा वर्ग असावा की नसावा, हा माझा प्रश्नच नाही. असावा. मंडळ्यांनी हे काम फार आधीपासून केलं आहे. रॉबर्ट रेक्स यांनी 1780 साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात जी रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर कामावर जाणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी होती. आपण सगळे ज्या व्ही.बी.एस.मधून मोठे झालो तिची एक सुरुवात न्यूयॉर्कमध्ये 1901 साली झाली. रिकामी पडलेली चर्चं, सुट्टीवर असलेले कॉलेजचे विद्यार्थी आणि रस्त्यावर फिरणारी मुलं, या तिघांना रॉबर्ट बोव्हिल यांनी एकत्र आणलं. म्हणजे थोड्या दिवसांसाठी येणारे तरुण शिक्षक या कामात पहिल्यापासून आहेत.

प्रश्न वेगळा आहे. या वर्षभरात कोण कुणाच्या उपयोगी पडतं?

प्रामाणिकपणे बघू. इंटर्नला या वर्षातून बरंच काही मिळतं. अनुभव मिळतो, बोलायचा धीर येतो. सेमिनरीच्या किंवा समाजकार्याच्या प्रवेशासाठी पत्र मिळतं. साक्ष सांगायला गोष्टी मिळतात. आणि आजकाल फोटो मिळतात : मुलांच्या गराड्यात बसलेला दादा, पाठीमागे निळी भिंत, खाली एक वचन. यातलं बरंचसं वाईट नाही. देणाऱ्यालाही काही मिळावं, हे देवाच्या राज्यात चालतं. चूक सुरू होते ती मूल माझ्या घडण्याचं साधन होतं तेव्हा. माझं पाचारण पक्कं व्हावं म्हणून मूल, माझी नम्रता वाढावी म्हणून मूल, माझ्या रीलमध्ये मूल. मुलाला हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की दादा आपल्याला बघून खूश होतो. म्हणून ते आणखी धावत येतं.

आणि मग एक दिवस दादाचं वर्ष संपतं.

यवतमाळला हे येणं-जाणं नवीन नाही. 1953 साली याच गावात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. पुण्यात बिबवेवाडीला आज आपण जिला यू.बी.एस. म्हणून ओळखतो, तीच. इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडियाच्या पुढाकारानं ती उभी राहिली. जागेला आधीची पार्श्वभूमी होती, कारण फ्री मेथडिस्ट मिशनचं काम यवतमाळात बरंच आधी रुजलं होतं. देशाच्या निरनिराळ्या भागांतले तरुण या कापसाच्या गावात शिकायला येऊ लागले. काही जण मूर्तिजापूरहून येणाऱ्या अरुंद रुळांच्या शकुंतला गाडीनंही आले असतील. सेमिनरीच्या शिक्षणात प्रत्यक्ष सेवा हा भाग असतोच : मंडळ्यांमध्ये, मुलांमध्ये, आसपासच्या गावांत. ही मुलं शिकली, पांगली, देशभर पाळक झाली, शिक्षक झाली. आणि 1983 साली सेमिनरीच पुण्याला गेली.

जाण्याला कारणं असतात, आणि इथं कुणाला दोष द्यायचा नाही. पण गावाच्या बाजूनं क्षणभर विचार करा. तीस वर्षं दर जूनमध्ये नवे चेहरे आले असतील आणि दर उन्हाळ्यात काही गेले असतील. शेवटी शिकवणारी संस्थाही गेली. मागे कोण राहिलं? गावातली मंडळी राहिली. रविवारी दार उघडणारा माणूस राहिला. सतरंज्या झटकणारी बाई राहिली.

जवळच्या काळातलं याहून मोठं उदाहरण आहे. कम्पॅशन इंटरनॅशनल ही संस्था 1968 पासून भारतात काम करत होती. तिची पद्धत मंडळीतूनच काम करायची. स्थानिक चर्चमध्ये केंद्र, शाळेनंतर मुलांचा अभ्यास, जेवण, औषधपाणी, आणि प्रत्येक मुलामागे परदेशातला एक प्रायोजक, जो त्याला पत्रं लिहायचा. परदेशी निधीवर सरकारचे निर्बंध आल्यानंतर मार्च 2017 मध्ये हे काम बंद झालं. त्या वेळी अशी सुमारे दीड लाख मुलं होती. बरोबर कोण आणि चूक कोण, हा वाद आज आपला विषय नाही. मुलाच्या बाजूनं बघितलं तर एवढंच दिसतं : पत्र लिहिणारं कुणीतरी होतं, आता पत्र येत नाही.

अशा वेळी मुलाच्या मनात काय उरावं, हे आधीच ठरलेलं असतं. त्याला कुणाच्या नावानं हाक मारली होती, त्यावर. ‘अमक्या अंकलचं तुझ्यावर प्रेम आहे’ एवढंच शिकवलं असेल, तर अंकल गेल्यावर प्रेम गेलं. ‘दादा आहे ना, घाबरू नको’ एवढंच शिकवलं असेल, तर दादाची बस सुटली की भीती परत आली.

म्हणून एलीचं ते साधं वाक्य मला इतकं महत्त्वाचं वाटतं. मी बोलावलं नाही. मुलांमध्ये काम करणाऱ्या तरुणानं शिकावं असं हे पहिलं वाक्य आहे. त्यात कोरडेपणा नाही, कारण एली त्या मुलाला ‘माझ्या मुला’ म्हणूनच हाक मारतो. माया आहे. पण मायेच्या जोरावर त्यानं मुलाला स्वतःशी बांधून घेतलं नाही. वर्गात याचा अर्थ अगदी साधा होतो. मूल म्हणतं, दादा, तू उद्या येशीन ना? तर उत्तर खरं द्यायचं. उद्या येईन. एप्रिलपर्यंत येईन. एप्रिलनंतर मी माझ्या गावी जाईन, आणि तेव्हा या ताई इथंच असतील, त्या कायम इथंच राहतात. हे पहिल्या आठवड्यातच सांगायचं. शेवटच्या दिवशी केक कापून, रडून सांगायचं नाही. मुलांना जाणं सहन होतं. फसवणूक सहन होत नाही.

आता कुणी म्हणेल, योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू मोलकऱ्याबद्दल बोलतो. लांडगा दिसला की पळून जाणारा मजूर. मग वर्षभरानं निघून जाणारा इंटर्न त्यातलाच नाही का? प्रश्न बोचरा आहे, आणि बोचू द्यावा. पण तो उतारा पुन्हा वाचा. मोलकऱ्याचा दोष तो किती दिवस राहतो यात नाही. मेंढरं त्याची नाहीत आणि त्याला त्यांची पर्वा नाही, हा त्याचा दोष आहे. पौल इफिसात तीन वर्षं राहिला आणि निघून गेला. प्रेषितांची कृत्ये, विसाव्या अध्यायात निरोपाच्या वेळी सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले. तो मोलकरी नव्हता, कारण जाण्याआधी त्यानं तिथल्याच वडिलांना एकत्र बोलावलं आणि कळप त्यांच्या हाती आहे हे स्पष्ट सांगितलं. जाणाऱ्यानं राहणाऱ्याच्या हातात देऊन जायचं असतं. ज्यानं सोपवलंच नाही, त्यानं टाकून दिलं.

इथं मंडळीचीही जबाबदारी येते, आणि ती इंटर्नपेक्षा मोठी आहे. वर्ग इंटर्नचा नसावा, मंडळीचा असावा. इंटर्न आला नाही तर वर्ग बंद पडत असेल, तर समजावं की वर्ग कधी सुरूच झाला नव्हता, फक्त पाहुणे येत होते. एक वही असावी : कोणतं मूल कुठपर्यंत वाचतं, कुणाला भागाकार अडतो, कुणाच्या घरी आजारपण आहे. ती वही इंटर्नबरोबर जाऊ नये. नवा इंटर्न आणि जुना इंटर्न दोन आठवडे तरी एकत्र असावेत. आणि मंडळीतली एक व्यक्ती, बाई किंवा बाप्या, शिकलेली असो वा नसो, रोज तिथं बसणारी असावी. मुलांनी तिचं नाव आधी घ्यावं, इंटर्नचं नंतर.

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाकडे येऊ, जिला आपण शमुवेल देवळात पोचला की विसरतो. त्याची आई, हन्ना. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात एक छोटी गोष्ट आहे. ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा अंगरखा शिवून घेऊन यायची.

दरवर्षी म्हणजे दरवर्षी नवं माप. मुलगा किती वाढला असेल याचा अंदाज आई घरी बसून करत असेल, कापड कापत असेल. मुलगा तिनं देवाला दिला होता, तरी आईपण सोडलं नव्हतं. आणि त्या देवळात अंगरखा नेऊन द्यायला तिला जागा होती.

आपल्या वर्गात हन्नाला जागा असते का? वर्गात येणारी सगळी मुलं ख्रिस्ती कुटुंबातली नसतात. कोलाम असतील, बंजारा असतील, बौद्ध असतील, हिंदू असतील, मुसलमान असतील. त्यांचे आई-बाप वावरातून थकून येतात आणि विश्वासानं मूल आपल्याकडे पाठवतात. तो विश्वास अभ्यासासाठी असतो. मग आपण त्यांना पूर्ण सांगितलेलं असतं का? इथं गृहपाठ होतो, गाणी होतात, पवित्र शास्त्रातली गोष्ट सांगितली जाते, प्रार्थना होते. तुमच्या मुलानं गोष्टीला, प्रार्थनेला बसावं की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही बसलं तरी अभ्यासात आणि खाऊत काही फरक पडणार नाही. हे इतक्या सरळ शब्दांत, त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलेलं असतं का?

राज्यघटनेच्या 28 व्या कलमात हेच तत्त्व आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदतीच्या शाळेत कुणावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. मंडळीचा संध्याकाळचा वर्ग म्हणजे तशी शाळा नाही, हे खरं. पण जे सरकारी मदतीच्या शाळेनं पाळायचं, ते देवाच्या घरानं पाळू नये असं कुठं आहे? आणि कायदा बाजूला ठेवला तरी पाचवी आज्ञा आहेच. आई-बापाचा मान राखायला शिकवणारे आपण, त्यांच्या पाठीमागे त्यांच्या मुलाला काही शिकवू लागलो, तर आज्ञा आपणच मोडतो.

‘मग साक्ष द्यायची नाही का?’ जरूर द्यायची. पण साक्ष आणि सौदा यांत फरक आहे. लूक सतराव्या अध्यायात प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले. एक परत आला, नऊ आले नाहीत. प्रभूनं विचारलं जरूर, ते नऊ कुठे आहेत म्हणून. पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्यानं परत घेतलं नाही. ते आपापल्या घरी बरेच होऊन राहिले. आपल्या वर्गातून दहा मुलं नीट वाचायला शिकली आणि नऊ कधीच चर्चमध्ये आली नाहीत, तर ती नऊ वाया गेली का? या प्रश्नाचं उत्तर आपल्या मनात अडखळत असेल, तर आपण शिकवत नव्हतो, आमिष लावत होतो.

या बाबतीत मला महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आठवतं. सिंथिया फॅरार ही अमेरिकन मराठी मिशनची अविवाहित शिक्षिका 1827 साली मुंबईत आली, पुढे अहमदनगरला गेली, आणि मुलींना शिकवत 1862 साली मरेपर्यंत इथंच राहिली. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी पुण्याला जोतीरावांबरोबर मुलींसाठी शाळा चालवल्या, शेणाचे गोळे अंगावर झेलले, आणि पुढे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 1897 साली त्यांचा अंत झाला. फॅरारबाईंच्या कामाचं मोल कुठल्या रजिस्टरमध्ये मोजायचं? मिशनच्या हिशेबात बाप्तिस्मा नाही. पण त्यांच्या हातून शिकून गेलेल्या एका बाईमुळे महाराष्ट्रातल्या लाखो मुलींपुढे शाळेचं दार उघडलं. विद्यार्थिनीनं तिची स्वतःची हाक ऐकली. शिक्षिकेनं त्या हाकेवर मालकी सांगितली नाही. मला तर यात एलीचंच काम दिसतं.

आता गोष्टीचा शेवट, जो साबाथ शाळेत बहुतेक वेळा सांगितलाच जात नाही.

सकाळ होते. शमुवेल देवळाची दारं उघडतो, आणि घाबरलेला असतो. कारण रात्री देवानं त्याला जे सांगितलं ते एलीच्याच घराविरुद्ध आहे. एलीचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, याजक असून लोकांना लुबाडत होते, आणि देवळाच्या दारात सेवा करणाऱ्या स्त्रियांवर त्यांची वाईट नजर आणि वाईट हात होते. दुसऱ्या अध्यायात ते लिहिलं आहे. एलीला हे माहीत होतं. त्यानं तोंडानं रागावून सोडून दिलं, आवरलं नाही. तेच त्याचं पाप. आणि ते आता एका लहान मुलाच्या तोंडून बाहेर येणार आहे.

इथं एली दुसरी चांगली गोष्ट करतो. तो मुलाला बोलावतो आणि निक्षून सांगतो, एकही शब्द लपवू नकोस. मूल सगळं सांगतं. एली त्याला खोटं ठरवत नाही, गप्प बसवत नाही, ‘मोठ्यांबद्दल असं बोलायचं नसतं’ म्हणत नाही. जे आहे ते मान्य करतो.

मित्रांनो, मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक मंडळीनं हा भाग वर्षातून एकदा मोठ्यानं वाचावा. जिथं मुलं असतात तिथं मुलांना इजा करणारे माणसंही पोचतात, चर्चमध्येसुद्धा. ती कधी बाहेरची असतात, कधी आपलीच, सगळ्यांना आवडणारी. म्हणून दार उघडं असावं. मुलासोबत एकटं बसायचं नाही, दोन मोठी माणसं कायम असावीत. मुलाला घरी सोडायला एकट्यानं गाडीवर न्यायचं नाही. मुलांशी खासगी चॅट नको. आई-बापांना विचारल्याशिवाय फोटो नको. हे नियम संशय म्हणून नसतात. ते मुलाचं रक्षण करतात आणि भल्या इंटर्नचंही करतात.

आणि एखाद्या मुलानं काही सांगितलं, अडखळत, अर्धवट, तर पहिलं काम ऐकण्याचं. त्याचं खरं मानण्याचं. दुसरं काम कायद्यानं बांधलेलं आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळकावर, वडील मंडळींवर, आणि बावीस वर्षांच्या इंटर्नवरही. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लावावा. ‘मंडळीची बदनामी होईल, आपण आपसात मिटवू’ हे वाक्य म्हणजे एलीचं जुनं पाप आहे. त्यानं नेमकं तेच केलं होतं. मिटवलं होतं. आणि शिलोचं पुढे काय झालं ते चौथ्या अध्यायात वाचा.

एली काही आदर्श माणूस नव्हता. म्हणूनच मला त्याच्याकडून शिकायला बरं वाटतं. स्वतःची मुलं त्याला सांभाळता आली नाहीत. देवाची हाक ओळखायला त्याला तीन वेळा लागल्या. पण परक्याचं मूल त्याच्या दारात धावत आलं तेव्हा त्यानं दोन गोष्टी बरोबर केल्या : रात्री त्याला स्वतःकडे ठेवून घेतलं नाही, आणि सकाळी त्याचं खरं ऐकून घेतलं. तेवढ्यावर एक संदेष्टा उभा राहिला.

म्हणून या वर्षी कुठे जायचं मनात असेल तर जरूर जा. यवतमाळला जा, मेळघाटात जा, आपल्याच शहरातल्या वस्तीत जा. मुलांवर माया करा, त्यांच्याबरोबर धावा, त्यांची भाषा शिका. किती दिवस राहणार ते पहिल्या दिवशी सांगा, आणि तेवढे दिवस एकही संध्याकाळ चुकवू नका. त्यांच्या आईचं नाव माहीत करून घ्या. निघताना वही कुणाच्या हातात देणार, हे जाण्याआधी ठरवा. परतल्यावर त्यांनी तुम्हाला विसरलं तर वाईट वाटून घेऊ नका. शमुवेल मोठा झाला तेव्हा लोक त्याला एलीचा शिष्य म्हणून ओळखत नव्हते. तो परमेश्वराचा संदेष्टा आहे, एवढंच दानपासून बैर-शेब्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

आजच्या मननासाठी :

माझ्याकडे धावत येणाऱ्या एखाद्या मुलाला मी आज कुणाकडे पाठवतो? माझ्याकडेच, की माझ्या पलीकडे?

माझ्या मंडळीत मुलांविषयी एखादी गोष्ट ‘मिटवून’ ठेवलेली आहे का? ती कुणाला सांगायला हवी?

प्रार्थना :

हे प्रभू, लहानांना तू स्वतः जवळ घेतलंस. तुझ्या नावानं आम्ही त्यांना बोलावतो, आणि कधी कधी ती हाक आमचीच आहे असं त्यांना वाटू देतो. ते आम्हाला आवडतं, हे तुला माहीत आहे. आम्हाला वेळेवर बाजूला व्हायला शिकव. वावरातून उशिरा परतणाऱ्या आई-बापांचा मान आमच्या हातून राखला जावो. जी मुलं आज संध्याकाळी कडी लावलेल्या घरापुढे बसली आहेत, त्यांच्यासाठी कुणाला तरी उठव. आणि एखादं मूल काही सांगायला घाबरत असेल, तर ते ऐकून घ्यायचं धैर्य आम्हाला दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन.